भीक नको, पण कुत्रा आवर!

‘भीक नको, पण कुत्रा आवर’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. पण तिच्यातला शेवटचा शब्द फारसे कोणी लक्ष देऊन ऐकत नाही. वर्गात म्हणी शिकवताना मी मुलांना विचारतो, दारात उभा असलेला तो भिकारी घरधन्याकडे काय मागतो आहे? कुत्र्याला मारावे किंवा हाकलून द्यावे, असे त्याचे मागणे नाही. कुत्रा पाळलाच का, असेही तो विचारत नाही. बिचाऱ्याची मागणी एवढीच, की ‘आवर’. मराठीत पसारा आवरतात, राग आवरतात, डोळ्यांतले पाणी आवरतात. जे आपले आहे, आपल्या ताब्यातले आहे, तेच आवरायचे असते. शेजाऱ्याचा पसारा आवरायला कोणी जात नाही! तेव्हा कुत्रा आवरणे हे काम भिकाऱ्याचे नव्हे आणि कुत्र्याचेही नव्हे, ते घरधन्याचे. शहरात कुत्रा पाळणाऱ्याची सारी रीतभात या एका शब्दात आली.

या शब्दाचा एवढा विचार करण्याची वेळ माझ्यावर आली ती एका फलकामुळे. आमच्या उपनगरात बागेला लागून एक चिंचोळी, पडीक जागा होती. कुत्रे पाळणाऱ्या काही मंडळींनी खटपट करून तिला जाळीचे कुंपण घालून घेतले आणि तेथे कुत्र्यांना मोकळे सोडण्याची सोय झाली. ही कल्पना काही आमची नव्हे. अमेरिकेत बर्कली शहरातील ओलोनी पार्कमध्ये १९७९ साली अशी जागा राखून ठेवण्यात आली. या प्रकारातल्या अगदी पहिल्या जागांत तिची गणना होते. आपल्याकडे हैदराबादच्या महापालिकेने २०१८ साली कोंडापूर भागात, पूर्वी जेथे कचरा पडत असे त्या जागेवर, कुत्र्यांसाठी स्वतंत्र उद्यान उभारले. वाड्याच्या दारात किंवा शेतावर वाढणाऱ्या कुत्र्याला उद्यानाची गरज नव्हती. पण तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दिवस काढणाऱ्या कुत्र्याने पळावे कोठे? लातूर-सोलापूरकडचा कारवानी घ्या. सशामागे धावण्यासाठीच घडलेला तो शिकारी कुत्रा. त्याला दिवसभर गॅलरीत बांधून ठेवल्यावर त्याने भुंकून मजला डोक्यावर घेतला, तर त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

पहिले काही महिने सारे सुरळीत चालले. मग एके सकाळी एक मोठा, उमदा कुत्रा फाटक उघडे सापडताच बाहेर आला आणि बागेत फिरणाऱ्या एका आजींच्या खांद्यांवर पुढचे पाय टाकून उभा राहिला. चावला नाही, ओरखडासुद्धा काढला नाही. त्याने आपल्या परीने प्रेमच केले. आजी मात्र पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. आठ दिवसांत जागा बंद करण्याच्या अर्जावर सह्या सुरू झाल्या. सह्या करणाऱ्यांत माझ्या चांगल्या ओळखीची माणसे होती, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

कुत्र्यांवरून शहर पेटते, हे मुंबईने फार पूर्वी पाहिले आहे. १८३२ सालच्या जून महिन्यात मोकाट कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध तेथे दंगा उसळला होता. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत, म्हणून मारेकरी घरच्या कुत्र्यांवरही हात टाकू लागले. आणि ज्यांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे ते पारशी रस्त्यावर आले. आमच्याकडे गोष्टी इतक्या थराला गेल्या नाहीत, एवढेच. दोन्ही बाजूंची बैठक झाली. जागा राहावी, पण नियम हवेत, असे ठरले. मराठीचा मास्तर म्हणून फलकाचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. घरी एक कुत्रा आहे, हे दुसरे कारण. फलकावर सात ओळी मावल्या. त्या ओळींमागची कारणे मावली नाहीत. ती येथे सांगतो.

१. लस टोचलेली असेल तरच आत या

पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर टोचतात, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे ती ठरावीक काळाने पुन्हा द्यावी लागते. एवढ्यावर भागत नाही. पार्व्हो नावाचा रोग पिल्लांना पटकन गाठतो आणि त्याचे विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून लशींचा पहिला क्रम पुरा होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचे होईपर्यंत, पिल्लू कितीही गोंडस असले तरी त्याला या जागेत आणू नये. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टो मुंबईकरांना ठाऊक आहे. तो कुत्र्यांनाही होतो आणि त्यांच्या लघवीतून पसरतो. त्याचीही लस असते. खोकणारा, जुलाब होणारा, अंगावर गोचीड घेऊन फिरणारा कुत्रा बरा होईपर्यंत घरीच बरा. माजावर आलेल्या कुत्रीला या जागेत आणणे म्हणजे भांडणाला आमंत्रण देणे.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पाळीव कुत्र्याचा परवाना महापालिकेकडून घ्यावा लागतो. तो काढावाच, शिवाय गळ्यातल्या पट्ट्यावर आपला फोन नंबर लिहावा. हरवलेल्या कुत्र्याला स्वतःचा पत्ता सांगता येत नाही.

२. दोन फाटके एका वेळी उघडू नका

आमच्या जागेला आता दोन फाटके आहेत, एकामागे एक. पहिले लावून घ्यायचे, मधल्या जागेत दोरी सोडायची आणि मगच दुसरे उघडायचे. आजींचा अपघात एका फाटकामुळे झाला. दोन असती तर त्या पडल्या नसत्या.

दोरी मधल्या जागेतच का सोडायची, याला कारण आहे. मोकळ्या कुत्र्यांच्या घोळक्यात एकटाच बांधलेला कुत्रा सापडला, तर त्याला पळता येत नाही, हे त्याला कळते. आणि ज्याला पळता येत नाही तो दात दाखवतो. त्यातून धनी घाबरून दोरी ताणतो, ताण गळ्याला जाणवतो आणि समोर काही तरी संकट आहे अशी कुत्र्याची खात्रीच पटते. नवा कुत्रा आला की सारे फाटकाशी गोळा होतात. आतल्यांनी त्या वेळी आपापल्या कुत्र्याला हाक मारून मागे बोलवावे. जो हाकेला येत नाही त्याला मोकळे सोडण्याची घाई करू नये. हाकेला येणे आधी घरात, मग जिन्यात, मग अंगणात शिकवावे.

३. खाऊ आणि चेंडू घरी ठेवा

घरी अन्नपूर्णेसारखा वागणारा कुत्रा परक्यांच्या देखत एका बिस्किटासाठी जिवावर उठतो. चेंडूचेही तसेच. माणसांची भाऊबंदकी जमिनीच्या तुकड्यावरून होते, कुत्र्यांची रबराच्या तुकड्यावरून. शिवाय दुसऱ्याच्या कुत्र्याला न विचारता काही भरवू नये; त्याला काय सोसते हे आपल्याला ठाऊक नसते. पाणी मात्र प्रत्येकाने आणावे, आणि ते आपल्या भांड्यात पाजावे.

४. नजर कुत्र्यावर ठेवा, फोनवर नको

‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ ही म्हण ज्याने केली, त्याला कुत्र्याने चावले नसावे. भुंकणारा कुत्रा चावतो. न भुंकणाराही चावतो. शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रा खूष आहे, हीही अर्धीच गोष्ट. सैल अंगाने, कमरेसकट हलणारे शेपूट निराळे आणि ताठ उभे राहून काठीसारखे थरथरणारे शेपूट निराळे. इटलीतील संशोधकांना २००७ साली असे आढळले, की धनी दिसला की कुत्र्याचे शेपूट त्याच्या उजव्या अंगाला अधिक झुकते, आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसला की डाव्या अंगाला. आपल्याला एवढे बारीक पाहण्याची गरज नाही. ढोबळ खुणा पुरेत.

पुढचे पाय पसरून, पार्श्वभाग वर करून कुत्रा वाकला, तर ते खेळाचे निमंत्रण समजावे. दोन कुत्रे वळसा घेत बाजूने एकमेकांकडे येतात, हुंगतात आणि पुढे जातात, ती त्यांची रामराम करण्याची रीत. नाकासमोर सरळ चालत येणे, डोळ्यांत डोळे रोखणे, अंग ताठणे, ओठ वर जाणे, दुसऱ्याच्या मानेवर हनुवटी टेकवणे, या गोष्टी दिसल्या की आपल्या कुत्र्याला हाक मारावी आणि चार पावले दूर न्यावे. पाठलागाचा खेळ चालला असेल, तर पळणारा आळीपाळीने बदलतो आहे ना, एवढे पाहावे. एकच जीव सारखा पळतो आहे आणि बाकावरखाली लपतो आहे, तर तो खेळ नव्हे. लहान चणीच्या कुत्र्यांसाठी म्हणूनच निराळा कोपरा हवा. तीस किलोच्या कुत्र्याची थट्टा पाच किलोच्या कुत्र्याला प्राणावर बेतू शकते.

एवढे करूनही जुंपलीच तर? पहिली गोष्ट, मध्ये हात घालू नये आणि पट्ट्याला धरू जाऊ नये; भांडणाच्या भरात स्वतःच्या धन्याचा हातही ओळखू येत नाही. बादलीभर पाणी फेकावे, पत्रा वाजवावा, मध्ये एखादी फळी सरकवावी. तेवढ्याने भागले नाही तर दोन्ही धन्यांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय धरून, हातगाडी ओढावी तसे मागे ओढावे. आणि मग आरडाओरड न करता दोघांनीही घरी जावे. चूक कोणाची याचा निवाडा दुसऱ्या दिवशीसुद्धा करता येतो.

५. घाण ज्याची त्याने उचलावी

या ओळीवर बैठकीत सर्वांत जास्त वेळ गेला. ‘माती आहे, मुरून जाईल,’ असे एक गृहस्थ म्हणाले. मातीत विष्ठा मुरते, पण तिच्यातले जंत मुरत नाहीत. कुत्र्याच्या जंतांची अंडी मातीत पडल्यावर काही आठवड्यांनी रोग देण्याजोगी होतात आणि पुढे बराच काळ तशीच राहतात. त्या मातीत खेळलेले मूल हात न धुता तोंडात घालते, तेव्हा तो जंत कुत्र्याच्या घरून आपल्या घरी येतो. रस्त्यावर तर प्रश्नच नाही; तेथे शेजाऱ्याची चप्पल आहे, आणि पहाटे झाडू घेऊन येणारी सफाई कामगार बाई आहे. तिला आपल्या कुत्र्याचे नाव ठाऊक नसते. आपली करणी मात्र रोज दिसते. घरातून निघताना खिशात दोन जुने कागद आणि एक पिशवी टाकावी. विष्ठा उचलायला लाज वाटते म्हणणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे: न उचलता निघून जाण्याची अधिक वाटावी.

६. लहान मुलांना आत आणू नका

काही आई-वडिलांना हा नियम जाचक वाटला. पण मुले धावतात, किंचाळतात, हात हवेत उडवतात. आणि पळणाऱ्या वस्तूमागे लागणे हा तर कुत्र्याचा जातिधर्म. त्यातून तीन वर्षांच्या मुलाचे तोंड आणि कुत्र्याचे तोंड एकाच उंचीवर येते. म्हणून कुत्रा चावला तर मोठ्या माणसाच्या पोटरीला चावतो आणि मुलाच्या गालाला.

मुलांना कुत्र्यापासून तोडावे, असे मात्र मुळीच नाही. त्यांना तीन गोष्टी शिकवाव्यात. धन्याला विचारल्याशिवाय कुत्र्याला हात लावायचा नाही. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ बसलेल्या कुत्र्याच्या वाटेला जायचे नाही. आणि अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही. झाडासारखे स्तब्ध उभे राहायचे, हात अंगाशी, नजर जमिनीकडे. झाडाशी कुत्रा फार वेळ खेळत नाही.

७. समोरचा नको म्हणाला, की दोरी आखडा

फलकावरची ही शेवटची ओळ खरे म्हणजे पहिली हवी होती. ही फक्त त्या जागेपुरती नाही. जिन्यात, लिफ्टमध्ये, रस्त्यावर, सगळीकडे लागू आहे.

कुत्रा पाळणाऱ्यांचे एक लाडके वाक्य आहे: ‘घाबरू नका हो, तो काही करत नाही!’ हे वाक्य बोलणारा खोटे बोलत नसतो. त्याला त्याने खरोखरच काही केलेले नसते. पण समोर भिंतीला चिकटून उभ्या राहिलेल्या बाईंना ते कसे कळावे? त्यांना दिसतात ते दात. लहानपणी त्यांना कुत्रा चावला असेल, इंजेक्शने सोसली असतील. किंवा काहीही झाले नसेल, नुसतेच भय वाटत असेल. भयाला दाखला लागत नाही. आपण पालीला भितो, ते पाल चावते म्हणून थोडेच! ‘तो काही करत नाही’ म्हणण्याऐवजी ‘थांबा हं, मी त्याला धरतो’ म्हटले की काम झाले. तेवढ्या चार शब्दांनी ज्यांच्याशी वैर व्हायचे ते शेजारी उद्या आपल्या कुत्र्याला नावाने हाक मारू लागतात, असा माझा अनुभव आहे.

तेव्हा जिन्यात वळणावर दोरी आखूड धरावी. लिफ्टमध्ये कोणी असेल तर ‘येऊ का?’ विचारावे, अवघडलेला चेहरा दिसला तर दुसऱ्या खेपेला जावे. अरुंद फुटपाथवर आपण कडेला व्हावे. आठ-दहा हात लांब सुटणारी दोरी रहदारीत उपयोगाची नाही. धनी एका फुटपाथवर आणि कुत्रा दुसऱ्या, असा प्रकार मी पाहिला आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. त्यांच्या मधून आपला कुत्रा मिरवत नेण्यापेक्षा वाट बदललेली बरी.

कायद्याची बाजूही ठाऊक असावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणे, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जीविताला धोका किंवा जबर दुखापत होऊ नये एवढी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. सोसायटीने ठराव करून पाळीव कुत्र्यांना सरसकट बंदी घालू नये, त्यांना लिफ्ट नाकारू नये, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली कळवलेले आहे. त्याच पत्रकात धन्यांनी कुत्रा बांधून न्यावा आणि घाण उचलावी, असेही आहे. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञसत्रात सरमेचे पिल्लू येते. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, त्याच्याकडे पाहिलेलेही नसते. तरी जनमेजयाचे भाऊ त्याला झोडपतात आणि सरमा राजाला शाप देऊन जाते. त्याच ग्रंथाच्या शेवटी धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकायला तयार होत नाही. दोरीने बांधलेल्या, मुकाट चाललेल्या कुत्र्याला उगाच छत्री दाखवणाऱ्यांनी या दोन कथा आठवाव्यात.

चावलाच तर

फलकावर जागा नव्हती, तरी तळाशी बारीक अक्षरांत मी हे घालून घेतले. कुत्रा घरचा असो की दारचा, चावला किंवा दात लागून रक्त आले, तर जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे! हळद, चुना, तिखट, तेल यांतले काहीही लावू नये. मग लगेच दवाखाना गाठावा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती पुष्कळांच्या मनात अजून आहे. ती जुनी लस आपल्याकडे केव्हाच बंद झाली. आता लस दंडात, ठरलेल्या दिवशी चार-पाच वेळा देतात, आणि जखम खोल असेल तर जखमेच्या जागीही निराळे इंजेक्शन देतात. त्या तारखा चुकवू नयेत. पाश्चरने १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला लस देऊन वाचवले, तेव्हापासून हा रोग टाळता येतो. पण एकदा लक्षणे दिसू लागली की त्यातून माणूस वाचणे जवळजवळ अशक्यच. ‘ओळखीचाच कुत्रा आहे’ म्हणून संकोचाने घरी बसू नये. आणि धन्यानेही रागावून न जाता लशीचा दाखला घेऊन त्यांच्या घरी जावे, दवाखान्यात सोबत करावी. कुत्र्याचा दोष त्यामुळे धुतला जात नाही. शेजार मात्र टिकतो.

दिवाळीपुरते

हा अंक आपल्या हातात पडेल तेव्हा फटाके सुरू झालेले असतील. माणसाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला त्याच्या दुप्पट वरचा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री शांत, समजूतदार कुत्रे दोरी तोडून पळतात आणि सापडत नाहीत. या दिवसांत त्यांना उजेड असतानाच फिरवून आणावे, मोकळे अजिबात सोडू नये आणि संध्याकाळी खिडक्या लावून आतल्या खोलीत आपल्याजवळ बसवावे. फराळाचे डबेही उंचावर ठेवावेत. रव्याच्या लाडवावरचा बेदाणा आपल्याला शोभा वाटतो. कुत्र्याच्या मूत्रपिंडाला तो घातक ठरू शकतो. चॉकलेट आणि कांदाही तसेच.

या चार दिवसांत दाराची घंटा सारखी वाजेल. येणाऱ्यांत एखाद्या काकू घाबरट असतील, एखादे मूल आईच्या पदराआड लपेल. आत बसायला सांगण्याच्या आधी कुत्रा पलीकडच्या खोलीत न्यावा. फराळ नको, पण कुत्रा आवरा, असे आपल्या पाहुण्याला मनात म्हणावे लागू नये.